हिरड्याच्या झाडापासून रुग्णाच्या पुडीपर्यंत



आमवाताची एक रुग्णा गेली काही वर्षे माझ्याकडे येत आहे. वय पन्नाशीच्या पुढे, चरितार्थ शेतमजुरीवर. पहिल्या तीन महिन्यांत तिला चांगला उपशय मिळाला. सकाळचा संधिग्रह कमी झाला, हाताची मूठ वळू लागली. चौथ्या महिन्यात मात्र लक्षणे पुन्हा बळावली. पथ्यापथ्य विचारले, ऋतुविचार केला, निदान पुन्हा तपासले, काहीच उलगडेना. शेवटी सहज गोळ्यांची डबी पाहिली. महिन्यापूर्वी दिलेली डबी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. दोन वेळा दोन-दोन गोळ्या सांगितल्या असताना बाई दिवसाला एकच गोळी घेत होत्या.

"पुरवून पुरवून घेते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "रागावू नका. पण तालुक्याला दुकानात ह्यातलंच औषध दुसऱ्या नावाचं निम्म्याहून कमी पैशात मिळतंय म्हणे. पोरगा विचारून आला. खरं का?"

खरे होते. मी देत होतो ती एका कंपनीची पेटंट गोळी होती. तिच्यातील मुख्य द्रव्ये सिंहनाद गुग्गुळाचीच, वर दोन-तीन वनस्पतींची घने आणि आकर्षक डबी. सिंहनाद गुग्गुळ त्याच नावाने मिळत असताना मी ही गोळी का देत होतो, याचे उत्तर मला ठाऊक होते. ते त्या बाईंना सांगण्याचे धैर्य मात्र त्या दिवशी झाले नाही. प्रस्तुत लेखात ते सांगावयाचे आहे.

वाग्भटाचार्यांनी रुग्णाच्या चार गुणांत 'आढ्य' हा गुण पहिला सांगितला आहे. रोगी संपन्न असावा, ही अपेक्षा शास्त्राला करता येते. तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्याला ती परवडत नाही. आपल्याकडे येणारा बहुसंख्य रुग्ण आढ्य नसतो, आणि आपली चिकित्सा दीर्घकालीन असते. पाच दिवसांच्या औषधाची किंमत तीस-चाळीस रुपयांनी वाढली तर रुग्ण कुरकुरतो आणि देतो. सहा महिन्यांच्या औषधाची तेवढ्याच प्रमाणात वाढली तर तो मात्रा अर्धी करतो, आणि अपयश मात्र आयुर्वेदाच्या नावावर जमा होते.

झाडाखालचा भाव

हिरड्यापासूनच आरंभ करू, कारण त्याची वाट मी प्रत्यक्ष पाहिली आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर हिरड्याची झाडे विपुल आहेत. तेथील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे चैत्र-वैशाखात बी धरण्यापूर्वीचा कोवळा हिरडा गोळा करून वाळवितात; हाच बाळहिरडा. पक्व हिरडा पुढे हिवाळ्यात मिळतो. भातशेती एका पावसावर अवलंबून असलेल्या या कुटुंबांना उन्हाळ्यातला रोख पैसा पुष्कळ अंशी या फळातून मिळतो.

बाजारच्या दिवशी वाळलेला माल पाटीत घालून बाया डोंगर उतरून येतात. गावातला खरेदीदार तो मोजून घेतो. ओलावा म्हणून काही वजन वजा, कचरा म्हणून काही वजा. या वजावटीला 'कडता' म्हणतात आणि तो किती धरायचा हे काटा ज्याच्या हाती तो ठरवितो. बहुतेक कुटुंबांनी पावसाळ्यात त्याच्याकडून धान्य किंवा उचल घेतलेली असते, त्यामुळे माल दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथून माल तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे, पुढे अडत्यामार्फत पुण्या-मुंबईच्या काष्ठौषधी बाजारात, तेथून कारखान्याला माल पुरविणाऱ्या ठेकेदाराकडे जातो. प्रत्येक ठिकाणी हमाली, तोलाई, वाहतूक, व्याज आणि नफा चढत जातो. इतके हात बदलल्यावर माल कोणत्या डोंगरावरचा आणि कोणत्या ऋतूतला, हे कोणीच सांगू शकत नाही.

शासनाने या व्यवहाराला तळ घालण्याचा प्रयत्न केलेला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी वनवासी समाजाकडे सोपविली. 2013-14 पासून केंद्राने वनोपजांना किमान आधारभूत किंमत देण्याची योजना सुरू केली. मे 2020 मध्ये सुधारलेल्या दरपत्रकात हिरडा किलोला 15 रुपये, बेहडा 17 रुपये, बी काढलेला वाळलेला आवळा 52 रुपये, गुळवेल 40 रुपये आणि वावडिंग 94 रुपये असे दर आहेत. खुल्या बाजारात हंगामाप्रमाणे व प्रतीप्रमाणे दर याहून वर जातात. बाळहिरड्याचा भाव तर पुष्कळच वर असतो. तरीही हिशोबासाठी हे आकडे उपयोगी आहेत.

त्रिफळ्याचा हिशोब करून पाहू. तिन्ही द्रव्ये समभाग धरली तर या दरांनी सरासरी किलोला 28 रुपये येतात, म्हणजे 100 ग्रॅमला 2 रुपये 80 पैसे. हिरडा-बेहड्यातील बी जाते, चाळणीत घट होते. म्हणून उदारपणे दुप्पट धरा. साडेपाच-सहा रुपये झाले. खुल्या बाजारातील भाव त्याहून दुप्पट-तिप्पट आहे असे समजून पंधरा धरा. आमच्या गावच्या दुकानात 100 ग्रॅमची डबी 70 ते 90 रुपयांना मिळते, आणि जाहिरातीत चमकणारी काही नावे त्याच्याही वर आहेत.

मधल्या माणसाची बाजू

येथवर वाचून दलालाला दोन शब्द सुनावण्याची इच्छा होईल. मलाही झाली होती. 2023 मध्ये आम्ही पाच वैद्यांनी ठरविले की, मधली मंडळी टाळून माल थेट डोंगरावरून घ्यायचा. हिवाळ्यात पक्व हिरडा व बेहडा किलोला 30 रुपये रोख देऊन घेतला. आवळा नाशिककडून एका शेतकऱ्याकडून मागविला. काट्यावर आमच्यापैकी एक जण स्वतः उभा होता, कडता शून्य. आम्हाला फार धन्यता वाटली.

तीन आठवड्यांनी हिरड्याची दोन पोती उघडली तेव्हा आत बुरशी होती. माल वरून खडखडीत, पोटात दमट. आम्हाला ते हाताला कळले नव्हते. व्यापाऱ्याला मूठ भरून आवाजावरून कळते. उरलेला माल निवडण्यास दोन बायांना सहा दिवस लागले. बी फोडण्याचे काम दिसते त्याहून कष्टाचे निघाले. गावच्या गिरणीवाल्याने हिरडा दळावयास साफ नकार दिला, कारण मागाहून येणाऱ्या दळणाला तुरट चव लागते.

पुण्यातील ज्या काष्ठौषधी व्यापाऱ्याकडून मी वर्षानुवर्षे माल घेतो, त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते मनमुराद हसले. "वैद्यराज, ती दोन पोती म्हणजेच माझा नफा," ते म्हणाले. "तुमची दोन गेली, माझी दरसाल वीस जातात. शिवाय कारखान्याकडून पैसे चार महिन्यांनी येतात आणि डोंगरातल्या माणसाला संध्याकाळी मीठ-मिरची न्यायची असते. तेवढे दिवस पैसे कोणाचे अडकतात?"

त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. वाळवणी, निवड, साठवण, उधारी ही कामे आहेत आणि कामाला मोल असते. कारखानदारालाही 2000 साली आलेल्या शेड्यूल 'टी'प्रमाणे स्वच्छ जागा, तज्ज्ञ मनुष्यबळ आणि गुणवत्ता तपासणी यांवर खर्च करावा लागतो. तो त्याने करावा अशीच आपली इच्छा आहे. पण उरलेले अर्धे त्यांनी सांगितले नाही. उचल देऊन बांधून ठेवलेल्या माणसाला भाव ठरविता येत नाही. आणि चार ठिकाणी नफा चढवूनही कारखान्याला स्वस्त माल हवा असतो, तेव्हा तो स्वस्तपणा भेसळीतून येतो. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल, नागकेशराच्या जागी सुरंगीच्या कळ्या, खऱ्या वावडिंगाऐवजी त्याच्या जातभाईंची फळे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशोकाची झाडे जंगलात आज किती उरली आहेत आणि अशोकारिष्टाच्या किती बाटल्या खपतात, याचा मेळ ज्याने त्याने मनाशी घालावा.

आणखी एक गोष्ट साखळीत चढते, ती म्हणजे काळ. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी हीन होते असे सांगितले आहे. कारखाना, कंपनीचे गोदाम, स्टॉकिस्ट, दुकान असा प्रवास करून डबी रुग्णाच्या हाती पडेपर्यंत ते दोन महिने बहुधा सरलेले असतात. रुग्ण दाम अधिक मोजतो आणि त्याच्या पदरी वीर्य कमी पडते.

छापील किंमत कोण ठरवितो?

झाडापासून कारखान्यापर्यंतची वाढ ही एकंदर वाढीतला लहान भाग आहे. मोठा भाग कारखान्याच्या दाराबाहेर घडतो, आणि तेथे आपला संबंध येतो.

ॲलोपॅथीच्या अत्यावश्यक औषधांना 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने कमाल मर्यादा आहे. त्यांत किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरला आहे. आयुर्वेदीय औषधे या आदेशाच्या व्याख्येतूनच वगळलेली आहेत. 1995 च्या आदेशातही तसेच होते. त्यामुळे आपल्या औषधाच्या डबीवर कोणती किंमत छापावी हे सर्वस्वी उत्पादकाच्या हाती आहे. कायदा एवढेच म्हणतो की छापील किमतीहून अधिक घेऊ नये. ती छापील किंमत मुळात योग्य आहे का, हे विचारणारा कोणीच नाही.

अशा बाजारात स्पर्धेने किंमत उतरावयास हवी. पण औषध निवडतो वैद्य आणि पैसे देतो रुग्ण. म्हणून कंपन्यांची स्पर्धा रुग्णाला स्वस्त देण्यासाठी होत नाही, वैद्याला अधिक देण्यासाठी होते. वैद्याला अधिक देण्यास जागा हवी, म्हणून छापील किंमत वाढते. दुसरी कंपनी त्याहून अधिक देऊ करते, तेव्हा तिची छापील किंमत त्याहून वाढते. जी कंपनी प्रामाणिकपणे कमी किंमत छापते, तिचा प्रतिनिधी आपल्या दवाखान्यातून रिकाम्या हाताने परत जातो. मीही अशांना परत पाठविले आहे.

आता त्या गोळ्यांचा हिशोब. छापील किंमत 100 रुपये असे मानू. वैद्यांसाठी दर 30 टक्के कमी, आणि दहा डब्यांवर पाच मोफत. म्हणजे 700 रुपयांत पंधरा डब्या. एक डबी मला सुमारे 47 रुपयांना पडते आणि मी ती रुग्णाला 100 ला देतो. माझा नफा खरेदीहून अधिक. डबी 47 रुपयांना देऊनही कंपनीला, स्टॉकिस्टला आणि प्रतिनिधीच्या पगाराला पुरून उरते, याचा अर्थ आतील द्रव्याचे मोल किती असेल, हे निराळे सांगावयास नको. पावसाळ्यातील 'स्कीम' तर दहावर दहापर्यंत जाते. वर्षअखेरीस सहकुटुंब सहलीचे निमंत्रणही असते. त्या बाईंनी पुरवून पुरवून घेतलेल्या गोळ्यांतून अशा एका सहलीचा काही अंश निघाला होता. मी त्या सहलीस गेलो होतो.

काही मित्र म्हणतील, आपण तपासणी शुल्क नाममात्र घेतो, औषधावरच दवाखाना चालतो. हे मान्य आहे. खेड्यात कोणी सल्ल्याचे शंभर रुपये सहजी देत नाही. पुडी हातात पडली म्हणजे पैसे दिल्यासारखे वाटतात. पण मग शुल्क पुडीत लपवावे लागते आणि पुडी जितकी महाग तितके शुल्क मोठे होते. गरीब रुग्णाला सर्वांत महाग औषध सर्वांत दीर्घकाळ लिहिण्याचा मोह तेथून सुरू होतो. शुल्क उघड घेतलेले बरे, मग ते पन्नास का असेना.

पेटंट औषधांविषयी सरसकट आकस नाही. काही कल्पना खरोखर उपयुक्त आहेत आणि त्यांमागे परिश्रम आहेत. परंतु ग्रंथोक्त कल्प त्याच नावाने मिळत असताना त्यात एखादे घन घालून नवे नाव देणे, याला किमतीची तुलना अशक्य करणे एवढाच हेतू पुष्कळदा असतो. त्रिफळा चूर्णाची किंमत दहा दुकानांत विचारता येते. नव्या नावाच्या गोळीची तुलना कशाशी करणार? जुलै 2017 पासून ग्रंथोक्त नावाने विकल्या जाणाऱ्या शास्त्रीय औषधांना 5 टक्के आणि पेटंट औषधांना 12 टक्के वस्तू व सेवा कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून पेटंट औषधेही 5 टक्क्यांत आली. करातला फरक मिटला. छापील किमतीतला फरक जागच्या जागी आहे.

जाता जाता साखळी पद्धतीच्या विक्रीचा उल्लेख करावयास हवा. आयुर्वेदीय औषध विकण्यास स्वतंत्र विक्री परवाना लागत नाही. त्यामुळे वनस्पतीच्या रसाची बाटली आज शिक्षक, विमा प्रतिनिधी, शेजारीण असे कोणीही विकते, आणि प्रत्येकाच्या वर पाच-सहा जणांचे कमिशन बसलेले असते. डिसेंबर 2021 च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड पद्धतीला मनाई केली आहे. बाटलीची किंमत मात्र आजही कमिशन घेणाऱ्यांची संख्या पाहून ठरते की काय, अशी शंका येते. आपल्यातील काही वैद्यांची नावेही या साखळ्यांत आहेत, हे लिहिताना संकोच वाटतो.

आपल्या हाती काय आहे

औषधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 यातील कलम 33 ईईसीच्या परंतुकाने एक सवलत दिलेली आहे: वैद्य व हकीम यांनी स्वतःच्या रुग्णांच्या वापरासाठी औषध तयार केल्यास त्यास त्या कलमाची बंधने लागू होत नाहीत. आपल्यापैकी कित्येकांनी पदवीनंतर एकदाही चूर्ण स्वतः केलेले नाही, त्यामुळे ही सवलत विस्मृतीत गेली आहे. मात्र तिची मर्यादा नीट ध्यानात घ्यावी. खरेदी पाच जणांनी मिळून करता येते. निर्मिती ज्याची त्याने, आपापल्या रुग्णांपुरती करावयाची. एकाने कुटून इतरांना विकले तर ते परवान्याच्या कक्षेत येईल. रसकल्प, गुग्गुळकल्प, आसवारिष्टे यांसाठी चांगली फार्मसी हवीच. घरच्या मिक्सरवर तो खेळ करू नये.

आमच्या प्रयोगाचे पुढे काय झाले ते सांगतो. दोन पोती गेली, तरी उरलेल्या मालाचा सर्व खर्च, म्हणजे निवडणी, मजुरी, वाहतूक, दळण, कागदी पाकिटे हे सारे धरून त्रिफळा चूर्ण 100 ग्रॅमला सुमारे 22 रुपये पडले. आम्ही ते 30 ला देतो. पाचही जणांनी दवाखान्यापुरते लहान दळणयंत्र घेतले. फळे अख्खी, बी काढून, पत्र्याच्या डब्यांत ठेवतो आणि महिन्याला लागेल तेवढीच दळतो. त्यामुळे दोन महिन्यांचा नियम पाळला जातो. द्रव्य अख्खे घ्यावे, चूर्ण विकत घेऊ नये, हे यातून पक्के झाले. चूर्णात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. पुढील वर्षी यात सुंठ, हळद, अश्वगंधा आणि गोखरू यांची भर घातली. गुळवेल ओली मिळते तेव्हा काढ्यासाठी तुकडे करून सुकवितो.

डोंगरातील मंडळींना दुसऱ्या वर्षी ताडपत्र्या दिल्या व माल तीन दिवसांऐवजी सात दिवस वाळवावयास सांगितले. त्या चार दिवसांसाठी किलोला पाच रुपये अधिक दिले. एका घरातील आजींनी हिरडा हातात घेऊन सांगितले, "हा दक्षिण उताराचा, हा लवकर वाळतो; तो ओढ्याकडचा वेगळा ठेवा." चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औषधींची ओळख गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना असते असे म्हटले आहे. मी तो अध्याय परीक्षेसाठी दोनदा पाठ केला होता. त्यांच्या सांगण्याप्रमाणे माल वेगवेगळ्या पोत्यांत भरला आणि त्या वर्षी एकही पोते बुरशीने गेले नाही.

पुण्याच्या त्या व्यापाऱ्यांशी संबंध तोडलेला नाही. आम्हाला न मिळणारी द्रव्ये त्यांच्याकडूनच येतात. फरक इतकाच की आता मी पोते उघडून, वास घेऊन, तोडून पाहतो आणि ते थोडे कुरकुरतात.

आमवाताच्या त्या बाईंना सिंहनाद गुग्गुळ त्याच नावाने, महारास्नादि काढा आणि सुंठ घरची, असे देतो. महिन्याचा खर्च पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला. मात्रा पूर्ण घेतात. तपासणीचे पन्नास रुपये वेगळे मागितले तेव्हा त्यांनी क्षणभर पाहिले, मग कनवटीची पिशवी सोडून मोजून दिले आणि विचारले, "हे पहिल्यापासून का नाही घेतले?"

त्या गोळ्यांचा प्रतिनिधी अजून येतो. तरुण मुलगा आहे, लक्ष्य पूर्ण झाले नाही तर त्याचा पगार कापतात. त्याला चहा देतो. मागील भेटीत त्याने दहावर बारा सांगितले.